पिकअपचं स्टिअरिंग 60 ला वॉबल मारतंय? बॅलन्सिंग थांबवा, आधी गाडीखाली झोपा

तुमची अडचण मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच आजाराबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. पिकअप पुढून सॉलिड एक्सलची (म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड धुऱ्यावर), पाट्यांवरची. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून आळेफाटा-माळशेज-कल्याण मार्गे वाशीला जाता. दोन महिन्यांपूर्वी पाटे वाढवून घेतले, त्याच आठवड्यात पुढे नवे टायर टाकले. तेव्हापासून 55-60 च्या वेगात पुढचं एक चाक पुलाच्या सांध्यावरून किंवा खड्ड्यातून गेलं की स्टिअरिंग डावी-उजवीकडे आपटायला लागतं, अख्खी केबिन हलते आणि गाडी 25-30 वर आणल्याशिवाय थांबत नाही. माल भरलेला असताना जास्त होतं. तीनदा बॅलन्सिंग झालं, दोनदा अलाइनमेंट झाली, एका गॅरेजने नवा स्टिअरिंग डँपरही (स्टिअरिंगचे झटके जिरवणारा शॉक ॲब्सॉर्बर) टाकला. डँपरनंतर तीन आठवडे बरं गेलं, मग पुन्हा तेच.

दादा, हे दुरुस्त होईपर्यंत गाडी माळशेजमधून नेऊ नका. भाडं बुडतंय हे मला कळतं, टोमॅटो थांबत नाही हेही कळतं. दुसऱ्या कुणाची गाडी लावा. प्रत्येक वेळी वॉबल होतो तेव्हा टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) एंड, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट आणि पाट्यांचे बुश हातोड्याने ठोकल्यासारखे मार खातात. आज जी वस्तू थोडी ढिली आहे ती पुढच्या खेपेला सुटलेली असू शकते, आणि घाटात स्टिअरिंगचा सांधा सुटला तर ब्रेक मारूनही गाडी वळणार नाही.

तरीही रस्त्यात झालंच, तर करायचं ते आधी सांगतो. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, पण अंगठे चाकाच्या आत, दांड्यांच्या बाजूला घालू नका. झटका बसला की अंगठा निखळतो. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. ब्रेक करकचून मारू नका, कारण भार पुढे येतो आणि थरकाप वाढतो. हलका ब्रेक लावत वेग उतरू द्या, इंडिकेटर लावून कडेला घ्या. स्टिअरिंगशी कुस्ती खेळायची नाही, तुमच्या हाताचा जोर त्याच्या तालात मिसळला की उलट त्यालाच बळ मिळतं.

आता निदान. थरथर दोन जातींची असते आणि इथेच बहुतेक लोकांचे पैसे वाया जातात. चाकाचं बॅलन्स बिघडलं असेल तर थरथर ठरावीक वेगाला हळूहळू सुरू होते, बारीक असते आणि वेग वाढवला किंवा कमी केला की विरते. तिला खड्डा लागत नाही, गुळगुळीत डांबरावरही ती येते. तुमची तशी नाही. तुमची गाडी 60 ला सरळ चालते आणि एका धक्क्याने पेटते. पेटल्यावर रस्ता गुळगुळीत आला तरी विझत नाही. याला इंग्रजीत शिमी म्हणतात, अमेरिकेतले पिकअपवाले डेथ वॉबल म्हणतात. फोर्डच्या एफ-250 सारख्या तिकडच्या मोठ्या पिकअप आणि जीप रँग्लर या गाड्यांवर तिकडे याची भरपूर चर्चा झालेली आहे, कारण त्यांच्याही पुढे सॉलिड एक्सल आहे.

सॉलिड एक्सललाच हे का होतं, ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. सायकलचं सुटं चाक धुऱ्याच्या दोन्ही टोकांना हाताने धरा, कुणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा आणि मग एक हात वर, एक हात खाली करून बघा. चाक नुसतं कलत नाही, ते एका बाजूला वळायला बघतं. हातांना जाणवेल इतक्या जोराने. तुमच्या पुढच्या एक्सलला दोन टोकांना अशी दोन जड चाकं आहेत. 15 इंची रिमवरचं 215/75 चं टायर 60 च्या वेगात सेकंदाला साडेसात फेरे मारतं. डावं चाक खड्ड्यात गेलं की अख्खा एक्सल कलतो, एक्सल कलला की फिरती चाकं वळायला बघतात, आणि दोन्ही चाकं टाय रॉडने बांधलेली असल्यामुळे बरोबर वळतात. वळल्यावर त्यांना सरळ आणणारा जोर त्यांना परत फेकतो, त्या झटक्याने एक्सल उलट बाजूला कलतो. एक फेरा पूर्ण झाला, पुढचा सुरू झाला. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन असलेल्या गाडीत डावं चाक उचललं तरी उजवं कलत नाही, म्हणून ही साखळी सहसा बनतच नाही. 1920 च्या दशकात मोटारींना कमी हवेचे फुगीर टायर आणि पुढच्या चाकांना ब्रेक आले, तेव्हा या थरकापाने कंपन्यांना हैराण केलं होतं. जनरल मोटर्सने 1934 च्या मॉडेलांत पुढचं सस्पेन्शन सुटं केलं, त्यामागे आरामाबरोबर हेही एक कारण होतं.

मग सॉलिड एक्सलच्या सगळ्याच गाड्या का नाही वॉबल मारत? कारण सगळे सांधे घट्ट असतील तर एका धक्क्याचा जोर एक-दोन हेलकाव्यांत जिरतो. कुठे तरी ढिलाई असेल तर त्या ढिलाईत चाकांना धावायला जागा मिळते, आणि जोर जिरण्याऐवजी वाढत जातो. म्हणजे खड्डा फक्त काडी लावतो. तुमच्या तीन बॅलन्सिंगनी काड्या थोड्या कमी केल्या असतील, पण सुकं गवत एक्सलखाली तसंच पडून आहे.

डँपरबद्दल मला तळमळीने सांगायचंय. सुरुवातीच्या वर्षांत मीही एका भाजीवाल्याच्या गाडीला डँपर टाकून पाठवलं होतं. वॉबल बंद झाला, तो खूश, मी खूश. काही महिन्यांनी तो ब्रेक पॅडसाठी आला आणि मी सहज खाली वाकलो, तर ड्रॅग लिंकच्या (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) एंडचा बॉल खोबणीतून निघायच्या बेतात होता. डँपरने लक्षण दाबून धरलं होतं आणि आजार आत वाढत होता. तो माणूस त्या दिवशीही जुन्नरहून बायको-मुलांना पुढच्या सीटवर बसवून आला होता. तेव्हापासून माझ्याकडे वॉबलची गाडी आली की मी आधी डँपर सोडून बाजूला ठेवतो आणि मगच तपासतो. तुम्हीही तपासणीपुरता तो काढा.

तपासणीची सुरुवात जॅकने करू नका. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन चाकांवर. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. एकाने केबिनमध्ये बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे वीतभर, झटपट हलवत राहायचं. तुम्ही खाली आडवे व्हा आणि स्टिअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत एकेका सांध्यावर हात ठेवत जा. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटांना कळतं. एका बाजूची दांडी हलली आणि पुढची क्षणभर उशिरा हलली, की मधला सांधा गेला. ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघणारा, ड्रॅग लिंकला हलवणारा हात), ड्रॅग लिंकचे दोन्ही एंड, टाय रॉडचे दोन्ही एंड, सगळे बघा. चाक उचललेलं असताना सांध्यांवर भार नसतो आणि बारीक प्ले (ढिलाई) लपतो, म्हणून ही तपासणी जमिनीवरच करायची. एंड बदलताना एक गोष्ट नेहमी राहून जाते: ज्या आर्ममध्ये तो बसतो तिथलं निमुळतं भोक लांबट झालंय का, तेही बघा. लांबट भोकात नवा एंड घातला, कॅसल नट आवळला, स्प्लिट पिन घातली, तरी तो आत हलतच राहतो.

याच वेळी बॉक्स चॅसीला जिथे बसतो तिथे नजर ठेवा. बोल्ट घट्ट असूनही बॉक्स चॅसीसकट लवताना दिसला तर चॅसीला तडा आहे. चिखल खरवडून, डिझेलने पुसून बघितल्याशिवाय तडा दिसत नाही. आणि कुणी म्हणालं की बॉक्सचा वरचा स्क्रू आवळून प्ले काढून देतो, तर नको म्हणा. तो स्क्रू चाकं सरळ असताना अगदी बेताने लावायचा असतो. जास्त आवळला की स्टिअरिंग मधोमध अडकतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, आणि आतले दाते खराब होतात. ढिलाई बहुतेक वेळा बॉक्सच्या बाहेर असते.

आता तुमच्या गाडीबद्दल माझा खरा संशय. त्रास पाटे वाढवल्यावर सुरू झालाय, म्हणून मी सगळ्यात आधी यू बोल्टवर (एक्सलला पाट्यांशी आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) हात ठेवीन. पाट्यांच्या गाडीत एक्सलला जागेवर धरणारं दुसरं काहीच नसतं. यू बोल्ट, पाट्यांच्या थप्पीमधून जाणारा सेंटर बोल्ट, पाट्याच्या डोळ्यातले बुश आणि शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला धरणारी झुलती कडी), एवढ्यावर सगळा डोलारा. नवे पाटे टाकल्यावर ते एकमेकांवर बसायला थोडे दिवस घेतात, रंग आणि गंज चुरडला जातो, थप्पी किंचित बारीक होते आणि यू बोल्ट आपोआप सैल पडतात. पाटेवाल्याने सांगितलं नसेल की 500 किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला या, किंवा सांगितलं असेल आणि हंगामात जमलं नसेल. सैल यू बोल्टखाली एक्सल पुढे-मागे सरकतो, सगळा भार सेंटर बोल्टवर येतो आणि तो बिचारा एकटा काही दिवसांत कापला जातो. खूण सांगतो: एक्सलच्या पॅडवर पाट्याच्या शेजारी चकाकती घासलेली पट्टी किंवा लालसर गंजाची पूड दिसली, की तिथे हालचाल आहे. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा. चाकं सरळ असताना दोन बाजूंत ठळक फरक आला तर एक्सल सरकलाय. जुने यू बोल्ट पुन्हा वापरू नका, ते एकदा ताणलेले असतात. नवे टाका, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क पान्याने, कोपऱ्या-कोपऱ्याने थोडं थोडं करत आवळा.

दुसरा संशय पाचरीवर. पाटा आणि एक्सल यांच्या मध्ये बऱ्याच गाड्यांना एक निमुळती लोखंडी पाचर असते. कॅस्टर म्हणजे किंगपिनची (ज्या उभ्या पिनेवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती) वरची बाजू किती मागे कललीय ते, आणि ते ही पाचर ठरवते. पाटे उतरवताना ती खाली पडते, आणि कामाच्या गडबडीत उलटी बसते किंवा एका बाजूची बसतच नाही. 2 अंशांची पाचर उलटी बसली तर कॅस्टर एकदम 4 अंशांनी बदलतो. पाटे एक्सलच्या वर असतील तर जाड बाजू मागे ठेवल्याने कॅस्टर वाढतो, पाटे एक्सलच्या खाली असतील तर जाड बाजू पुढे ठेवल्याने. दोन्ही बाजूंच्या पाचरी सारख्याच आहेत ना, हे आधी डोळ्यांनी बघा. कॅस्टर कमी झाला तर गाडी रस्ताभर भटकते, हात सोडला की सरळ राहत नाही. जास्त झाला तर चाकं सरळ येण्याचा जोर इतका वाढतो की ढिलाई असेल तर ती मध्यावर थांबत नाहीत, पलीकडे फेकली जातात.

माल भरल्यावर त्रास का वाढतो, त्याचं उत्तरही इथेच आहे. मागची बाजू बसली की चॅसी मागे कलते, तिच्याबरोबर पाटे आणि एक्सलही कलतात, कॅस्टर वाढतो. क्रेट फाळक्यापर्यंत रचले आणि बराचसा माल मागच्या एक्सलच्या मागे गेला, तर पुढचा भार हलकाही होतो. म्हणून अलाइनमेंटवाल्याकडे रिकामी गाडी नेऊन फक्त टो-इन (चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं) लावून आलात तर निम्मंच काम झालं. कॅस्टर मोजून कागदावर द्या म्हणावं. टो-इन तर तुम्ही घरीही तपासू शकता: चाक उचलून टायरच्या मध्यावर खडूने गोल रेघ काढा, गाडी खाली ठेवून थोडी पुढे ढकला, मग दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून, एकाच उंचीला मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा जास्त आलं तर चाकं बाहेर फाकलेली आहेत, ते लगेच दुरुस्त करा.

यानंतर जॅक. एक्सलखाली जॅक लावून वजन घोडीवर (लोखंडी स्टँडवर) उतरवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हे मी माझ्याकडच्या पोरांना रोज सांगतो. चाक वर आणि खाली, घड्याळात 12 आणि 6 असतात तिथे धरून आत-बाहेर हलवा. खुटखुट लागली तर हेल्परला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खुटखुट गेली तर प्ले बेअरिंगचा, राहिली तर किंगपिनचा. कारण ब्रेकने चाक आणि स्टब (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) एकमेकांना बांधले जातात, त्यांच्यामधलं बेअरिंग हिशेबातून बाहेर पडतं. एवढी साधी परीक्षा न करता लोक बेअरिंग बदलतात आणि किंगपिन तसाच राहतो.

किंगपिन गेला असेल तर पूर्ण किट टाका, नुसती पिन बदलू नका. पितळी बुश दाबून बसवल्यावर वर-खालच्या दोन्ही बुशांत एका रेषेत रीमर मारावा लागतो. काही जण वेळ वाचवायला पॉलिश पेपरने घासून पिन घालतात. मग दोन बुश एका सरळीत येत नाहीत, आणि पिन महिन्याभरात एका बाजूने खाते. थ्रस्ट बेअरिंग उलटं बसू देऊ नका, आणि वर-खाली प्ले उरणार नाही इतके शिम (पातळ चकत्या) घाला. पिन पूर्ण बसल्यावर स्टब हाताने वळला पाहिजे, पण लोंबकळता कामा नये. पुढे ग्रीस दर सर्व्हिसला, तेही चाक उचलून मारा. वजन खाली असताना ग्रीस भाराच्या बाजूला पोहोचत नाही.

पाट्यांचे बुश आणि शॅकल पहारीने उचकून बघा. रबरी बुश बदलले तर त्यांचे बोल्ट शेवटचे गाडी जमिनीवर टेकल्यावर आवळायचे, लटकत्या गाडीत आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

टायरचं शेवटी सांगतोय, कारण ते निर्दोष असण्याची शक्यता जास्त आहे. तरी पुढचे दोन्ही टायर मागे आणि मागचे पुढे टाकून एकदा चालवून बघा, फुकटची परीक्षा आहे. वॉबलची पद्धत बदलली तर टायर-रिमकडे वळा. चाक उचलून हाताने फिरवा, टायरच्या शेजारी विटेवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठेवा. फट कमी-जास्त होत असेल तर रिम बेंड आहे किंवा टायर फुगलाय. हबच्या तोंडावर गंजाची खपली असली तरी रिम वाकडा बसतो. हवा कंपनीने सांगितली तेवढीच, थंड टायरमध्ये. पुढे रिमोल्ड टायर कधीच नको.

कुणाच्या गाडीला सॉलिड एक्सल पण पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असेल, तर तिथे एक्सलला आडवं धरणारा एक लांब दांडा असतो, त्याला ट्रॅक बार किंवा पॅनहार्ड रॉड म्हणतात. तिथे पहिला हात त्याच्या बोल्ट-बुशवर. आणि जुन्या विलीज नमुन्याच्या जीप ज्यांच्याकडे अजून आहेत, त्यांनी मधल्या बेलक्रँकची पिन आणि बेअरिंग बघावं. दोन्ही टाय रॉड त्याच्यावर टेकलेले असतात, तो हलला की सगळंच हलतं.

तुमच्यासाठी कामाचा क्रम असा ठेवा. यू बोल्ट, सेंटर बोल्ट आणि पाचर एका दिवसात उघडून बघा. मग जमिनीवरची तपासणी, सापडलेले एंड बदला. मग जॅकवरची. हे झाल्यावरच अलाइनमेंट, कॅस्टरसकट. एकाच वेळी पाच गोष्टी बदलू नका, नाही तर आजार कशात होता ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडाल. डँपर न लावता, रिकामी गाडी, मोकळ्या सरळ रस्त्यावर, पहाटे रहदारी नसताना आधी 40 ला आणि मग 50 ला त्याच जातीच्या उंचवट्यावरून न्या. एक-दोन हेलकाव्यांत शांत झाली तर निम्मा माल भरून तेच करा, मग पूर्ण. तिन्ही वेळा डँपरशिवाय शांत राहिली तर मग डँपर परत लावा. त्याचं काम खड्ड्याचा झटका तुमच्या मनगटापर्यंत कमी पोहोचवणं, तेवढंच.

यू बोल्ट आवळल्यावर दोन्ही बाजूंच्या चारही नटांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढा, नटावरून खाली प्लेटपर्यंत. पुढच्या पंधरा दिवसांत रोज क्रेट चढवायच्या आधी वाकून ती रेघ बघा. सरळ असेल तर गाडी काढा. मोडलेली दिसली तर आधी पाना, मग टोमॅटो. आणि 500 किलोमीटर झाले की रेघ सरळ असली तरी एकदा टॉर्क पाना लावून घ्या, कारण पाट्यांची थप्पी बसली की नट न फिरताही बोल्ट सैल होतो.